परसातील बारमाही झाडे : दोन वर्षांचा धीर, अनेक वर्षांचा आधार

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे छोट्या धंद्यावर आणि हातातील कसबावर जगतात. यंत्रमागावरचा विणकर, शिलाईकाम करणारा कारागीर, फळांची गाडी लावणारा, बेकरीवाला, गवंडी, रंगारी. या प्रत्येकाच्या धंद्याला तेजीचे महिने असतात, तसे मंदीचेही असतात. सुताचा भाव चढला की माग थांबतात. पावसाळा लागला की बांधकाम थंडावते. लग्नसराई संपली की शिलाईयंत्रावर धूळ बसते. घरखर्च मात्र थांबत नाही. अशा दिवसांत रोज लागणारी चार जिन्नस घरच्याच आवारात मिळाली आणि उरलेली शेजारच्या दुकानात गेली, तर तेवढाच भार हलका होतो.

यासाठी शेती हवी असे नाही. घरामागे दहा हात लांबीची मोकळी पट्टी असली तरी काम सुरू करता येते. प्रश्न जागेपेक्षा रीतीचा आहे. दरवर्षी पावसाळ्यात अनेक घरी हौसेने रोपे आणली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या जागी वाळलेल्या काड्या उरतात. म्हणून परसातील बारमाही झाडे कशी लावावीत, कशी राखावीत आणि त्यांतून घराला हातभार कसा लावावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. आम्ही कोणालाही श्रीमंतीचे स्वप्न दाखवीत नाही. परसातील झाड हा मुख्य धंदा नव्हे. ती मुख्य धंद्याला दिलेली टेकू आहे.

भाजीपाला आणि बारमाही झाड

मेथी, कोथिंबीर, टोमॅटो ही पिके एका हंगामाची असतात. बी पेरायचे, काढणी करायची, पुन्हा नव्याने सुरुवात करायची. बारमाही झाड एकदा लावले की वर्षानुवर्षे उभे राहते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर भाजीपाला हा रोजचा गल्ला आहे आणि बारमाही झाड हे भांडवल आहे.

भांडवलाचा नियम सर्वांना ठाऊक आहे. नवे दुकान टाकले की पहिल्या दिवसापासून गल्ल्यातून पैसा उचलणारा दुकानदार टिकत नाही. झाडाचेही तसेच आहे. पहिली दोन वर्षे झाड जमिनीखाली आपली मुळे पसरवीत असते. या काळात त्याची फुले, फळे आणि पाने ओरबाडली तर झाड कायमचे खुरटते. लिंबाला पहिल्या दोन वर्षांत फुले आलीच तर ती खुडून टाकावीत. कढीपत्त्याचे पान पहिल्या वर्षी घरच्या फोडणीपुरतेसुद्धा जपूनच घ्यावे. हा दोन वर्षांचा धीर ज्याला धरता येतो, त्याला पुढे झाड भरभरून देते.

आधी जागा, मग रोप

बहुतेक लोक आधी रोप आणतात आणि मग ते कोठे लावावे याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. आधी आपल्या आवारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कोठे किती वेळ पडते, ते एक दिवस नीट पाहावे. लिंबू, शेवगा, मोगरा आणि मेंदी यांना दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. कढीपत्ता थोड्या सावलीतही तग धरतो.

पावसाचे पाणी कोठे साचते हेही पाहावे. परसातील झाडे तहानेने मरतात तशीच साचलेल्या पाण्यानेही मरतात. मुळांना हवा लागते. मुळाभोवती दिवसेंदिवस पाणी तुंबले की मुळे कुजतात, वरून पाने पिवळी पडतात आणि माणूस झाड सुकले असे समजून आणखी पाणी ओततो. जागा सखल असेल तर मातीचा हातभर उंच चौथरा करून त्यावर रोप लावावे.

तिसरी गोष्ट म्हणजे भिंत आणि शेजार. लिंबू भिंतीपासून आठ-दहा फूट, तर शेवगा दहा-बारा फूट लांब असावा. विजेच्या तारांखाली शेवगा कधीही लावू नये. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वाऱ्यात फांदी सहज मोडते. फांद्या शेजाऱ्याच्या अंगणात जाणार असतील तर लावण्यापूर्वीच त्याच्याशी बोलून घ्यावे. शेजाऱ्याला त्रास देणारे झाड कितीही फळले तरी त्यात बरकत नाही.

खड्डा आणि खत

खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणावा. लिंबू आणि कढीपत्ता यांसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा पुरतो. जमीन कठीण मुरमाड असेल तर तीन फूट घ्यावा. वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. त्यामुळे मातीतील किडी व रोगजंतू कमी होतात.

भरताना वरची चांगली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो हाडांचे खत एकत्र मिसळून घालावे. ज्या घरी शेळ्या आहेत त्यांनी लेंडीखत वापरावे. ते उत्तम खत आहे, मात्र तेही कुजलेलेच हवे. ताजे शेण किंवा ताज्या लेंड्या खड्ड्यात घातल्या तर कुजताना उष्णता निर्माण होते, मुळे पोळतात आणि वाळवी लागते. शेळीचा दुसरा गुण मात्र विसरू नये. तिची लेंडी झाडाला तारते आणि तिचे तोंड झाडाला मारते. म्हणून रोप लावण्याच्या दिवशीच कुंपण घालावे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरावा, कारण पाऊस पडला की माती खाली बसते. काळ्या भारी जमिनीत खड्डा पाण्याने भरलेल्या हौदासारखा होतो. तेथे भरतीच्या मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी.

रोप विकत घेताना

रोपाच्या खरेदीत केलेली काटकसर पुढे महाग पडते. कपडा खराब निघाला तर महिन्यात कळते. लिंबाचे रोप खराब निघाले तर चार वर्षांनी कळते. म्हणून दारावर येणाऱ्या फिरत्या विक्रेत्याकडून फळझाड घेऊ नये. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका आहेत. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी केली तर जवळच्या परवानाधारक रोपवाटिकांची नावे मिळतात. जातीचे नाव लिहिलेली पावती घ्यावी.

उंच, हिरवेगार रोप दिसले की हात तिकडेच जातो. पण उंचीपेक्षा बुंध्याची जाडी पाहावी. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले आहे असे समजावे. पाने पिवळी, चुरगळलेली किंवा ठिपके असलेली नसावीत. कलम असेल तर जोड घट्ट व सांधलेला असावा.

लावणी पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, संध्याकाळच्या वेळी करावी. काळी पिशवी पात्याने कापून पूर्ण काढून टाकावी. पिशवीसह रोप लावण्याची चूक आजही अनेक जण करतात. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहावे. काठीचा आधार देऊन सैल बांधावे. कोकणात जेथे जुलैमध्ये पावसाची झोड उठते, तेथे लावणी पहिल्या पावसातच उरकावी किंवा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर करावी.

पाणी किती आणि केव्हा

रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा भरपूर पाणी देणे चांगले. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हाळ्यात होरपळतात. खोल पाण्याने मुळे खोल जातात. पाणी देण्यापूर्वी बोट दोन इंच मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

पाणीटंचाईच्या गावांत मडक्याची जुनी पद्धत फार उपयोगी आहे. न भाजलेले नव्हे, भाजलेले पण रोगण न लावलेले साधे मातीचे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते, उन्हाने उडून जात नाही आणि मुळे त्या दिशेने वाढतात.

आपल्या घरांत पाण्याचा आणखी एक स्रोत आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे वजूचे पाणी. त्यात साबण नसतो, तेल नसते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने पाच वेळा वजू केला आणि दर वजूला दोन लिटर पाणी धरले, तर दिवसाला ५० लिटर पाणी होते. आज ते थेट गटारात जाते. वजूच्या जागेपासून एक नळी परसात काढली तर चार-पाच झाडांची उन्हाळ्यातील गरज त्यावर बरीचशी भागते. जेथे मशिदीच्या आवारात जागा आहे तेथे विश्वस्तांनीही याचा विचार करावा. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही झाडांना चालते. साबणाचे आणि मिठाचे पाणी मात्र घालू नये.

उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे तीन-चार इंच जाड आच्छादन करावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. पहिले दोन उन्हाळे दुपारच्या उन्हासाठी गोणपाटाची सावली करावी.

आता प्रत्येक झाडाकडे वळू. आम्ही येथे पाचच झाडे निवडली आहेत. ती महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत येतात आणि त्यांना गल्लीतच गिऱ्हाईक आहे.

कागदी लिंबू

लिंबाचे बियांपासून केलेले रोप बहुतांशी आईच्याच गुणांचे निघते, कारण एका बीतून अनेक अंकुर फुटतात आणि त्यांतील बरेचसे आईच्या पेशींपासूनच तयार झालेले असतात. म्हणून चांगल्या झाडाच्या बियांचे रोप लावायला हरकत नाही. त्याला फळे चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' आणि परभणीच्या 'विक्रम' व 'प्रमालिनी' या जाती परिचित आहेत.

लिंबाचा मोठा शत्रू डिंक्या रोग हा आहे. बुंध्याला सतत पाणी लागले की साल कुजते आणि डिंक वाहतो. यावर उपाय सोपा आहे. खोडाभोवती मातीची भर घालून ती कोरडी ठेवावी आणि तिच्या बाहेर गोल आळे करून पाणी फक्त त्यात सोडावे. याला दुहेरी आळे म्हणतात. झाड मोठे होईल तसे आळे बाहेर सरकवावे, कारण पाणी पिणारी मुळे फांद्यांच्या टोकाखाली असतात.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. दोन्ही थंड झाल्यावर एकत्र ओतून ढवळावे. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून थोडा वाढवावा. मलम त्याच दिवशी वापरावे.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पडते. ती पुढे हिरवी होते आणि पाने फस्त करते. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होय. घरगुती झाडावर ती सकाळी हाताने वेचणे हाच उत्तम उपाय आहे. लिंबाची छाटणी फार करू नये. वाळलेल्या फांद्या, रोगट फांद्या आणि बुंध्यातून सरळ वर जाणारे पाणसोट तेवढे काढावेत.

लिंबाचा भाव उन्हाळ्यात चढतो. एप्रिल २०२२ मध्ये अनेक शहरांत एकेक लिंबू दहा रुपयांना आणि त्याहूनही महाग विकले गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या फुलांची, म्हणजे हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात हाती येतात. म्हणून पावसाळा संपताना झाडाला शेणखत आणि पेंड द्यावी आणि उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये.

शेवगा

कमी मुदतीत उत्पन्न देणारे हे झाड आहे. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे विकसित झालेली 'पीकेएम-१' ही जात बियांपासून लावली तर सहा-सात महिन्यांत शेंगा धरू लागते. दापोलीची 'कोकण रुचिरा' ही जात कोकणासाठी आहे. शेवग्याचे मूळ सरळ खोल जाते, म्हणून शक्य असेल तर बी जागेवरच इंचभर खोल टोकावे.

रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा. तसे केले नाही तर शेवगा सरळ आकाशात जातो, शेंगा काढण्यासाठी शिडी लागते आणि वाऱ्याने झाड मोडते. शेंगांचा हंगाम संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत मुख्य खोड तीन-चार फुटांवर छाटावे आणि शेणखत द्यावे. नव्या फुटव्यांवर पुन्हा शेंगा येतात. हातात कुऱ्हाड घेऊन फुलते झाड कापायला मन धजत नाही, पण छाटणी टाळू नये.

पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. त्यांना हात लावू नये, अंगाला आग होते. लांब काठीला चिंध्या बांधून, पेटवून त्या जाळाव्यात. मुलांना दूर ठेवावे.

शेंगांबरोबर शेवग्याचा पालाही उत्तम भाजी आहे. त्यात लोह व कॅल्शियम चांगल्या प्रमाणात असते. घरातील गरोदर भगिनींनी व मुलांनी तो अवश्य खावा.

कढीपत्ता

याचे बी पिकून काळे झाल्यावर लगेच गर काढून पेरावे, वाळवून ठेवलेले बी उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळातून येणारी रोपेही मुळासकट काढून लावता येतात. झाड हातभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते झुडपासारखे पसरते. फुलांचे घोस दिसले की काढून टाकावेत, नाहीतर झाडाची शक्ती बी धरण्यात जाते. पाने एकेक ओरबाडू नयेत. देठासह पूर्ण डहाळी कात्रीने कापावी. थंडीत वाढ मंदावते, त्या वेळी झाडाला विश्रांती द्यावी.

कढीपत्त्यावर विषारी औषध मारू नये, कारण आपण पानच खातो. भारतातून युरोपीय देशांत गेलेल्या कढीपत्त्यात कीडनाशकांचे अंश सापडल्याने तेथे त्याची वाढीव तपासणी होऊ लागली. परसातील औषधविरहित पानाची खरी किंमत येथे आहे. कीड पडलीच तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी आणि त्यानंतर काही दिवस पाने तोडू नयेत.

मोगरा

मोगऱ्याचे फुलणे छाटणीवर अवलंबून आहे. डिसेंबरमध्ये पाणी तोडावे. पाने गळू लागली की जानेवारीच्या सुरुवातीस गेल्या वर्षीच्या फांद्या निम्म्याने छाटाव्यात, माती हलकी खणून शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी सुरू करावे. नव्या फुटव्यांवर कळ्या येतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत फुले मिळतात. वर्षभर पाणी देऊन मोगऱ्याला हिरवागार ठेवणाऱ्याला पाने मिळतात, फुले मिळत नाहीत. पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता असते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड या भागांतील शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या छोट्या तुकड्यांवर उत्पन्न उभे केले आहे आणि त्यांची फुले मुंबईच्या दादर बाजारात जातात. परसातील दहा-बारा झुडपांचा माल बाजारात नेण्याइतका नसतो, पण गजरे करून गल्लीत विकण्याइतका नक्कीच असतो. कळी सूर्योदयापूर्वी, उमलण्याआधी तोडावी आणि ओल्या मलमलीत ठेवावी.

मेंदी

कुंपणासाठी लावावी असे हे झुडूप आहे. एक-एक फुटावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंच लांब काड्या पावसाळ्यात रोवल्या तर दोन वर्षांत दाट कुंपण होते. बियांपासून लावायचे तर बी काही दिवस पाण्यात भिजवावे आणि पाणी रोज बदलावे. कोरड्या हवेत मेंदीचा रंग चांगला उतरतो. राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत हे गाव मेंदीच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे आणि २०२१ मध्ये सोजत मेंदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसऱ्या वर्षापासून पाऊस उघडल्यावर फांद्या छाटाव्यात, सावलीत वाळवाव्यात, पाने झाडून कुटावीत आणि मलमलीतून दोनदा चाळावीत. उन्हात वाळवलेल्या पानांचा रंग फिका पडतो. पाला कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. रमजान ईद, बकरी ईद आणि लग्नसराईत शुद्ध मेंदीला मागणी असते.

येथे एक इशारा देणे आम्ही आवश्यक समजतो. खरी मेंदी प्रथम नारिंगी रंगते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळी होणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीत केस रंगविण्याचे रसायन घातलेले असते. त्यामुळे हातावर फोड येतात, कधी कायमचे डाग राहतात. थोड्या जास्त नफ्यासाठी दुसऱ्याच्या मुलीच्या हातावर असा माल लावणे हा व्यापार नव्हे, फसवणूक आहे.

अंगणच नसेल तर

भिवंडी, मालेगाव, मुंबईच्या दाट वस्त्यांत अंगण कोठून आणायचे, असा प्रश्न वाचक विचारतील. कढीपत्ता, मोगरा आणि कागदी लिंबू अर्ध्या कापलेल्या पिंपातही येतात. पिंपाच्या तळाला बोटभर रुंदीची सहा-आठ भोके पाडावीत, खाली विटांचे तुकडे टाकावेत आणि वर माती, शेणखत व नारळाचा भुसा समप्रमाणात मिसळून भरावा. रंगाई कारखान्यातून आलेली रसायनांची पिंपे कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. शंभर लिटरचे पिंप ओल्या मातीसह दीडशे किलोच्या आसपास भरते. म्हणून ते गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीवरील किंवा तुळईवरील जागी ठेवावे. जुन्या इमारतीत आधी जाणकाराला विचारावे. पिंपातील झाडाला जमिनीतील झाडापेक्षा अधिक वेळा पाणी लागते आणि दर दोन वर्षांनी वरची माती बदलावी लागते.

विक्री आणि हिशेब

पहिले गिऱ्हाईक आपले घर असावे. वर्षभरात घरात किती लिंबे, कढीपत्ता व शेंगा विकत आणल्या जातात, याची एकदा वहीत नोंद करून पाहावी. ती रक्कम वाचली हीच पहिली कमाई. उरलेला माल जवळच्या एखाद्या हॉटेलवाल्याला किंवा भाजीवाल्याला ठरवून द्यावा. दर आठवड्याला ठराविक दिवशी, निवडून, सारखा माल दिला तर गिऱ्हाईक टिकते. लिंबू ओढून तोडू नये, देठ राखून कापावे. ओला माल पिशवीत बांधू नये. लिंबाचे लोणचे किंवा सरबत करून विकायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. छोट्या घरगुती उद्योगालाही ती लागते.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आंबा असो वा लिंबू, आपल्याकडे झाडाचा सौदा मोहरावरच करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. फळ धरण्याआधीच रक्कम ठरते आणि पुढे गारपीट झाली की खरेदीदार बुडतो, किंवा फळ भरघोस आले की मालक हळहळतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळ खाण्याजोगे होऊ लागण्यापूर्वी त्याची विक्री करण्यास मनाई केली आहे. फळ आलेच नाही तर आपल्या भावाचा पैसा कशाच्या मोबदल्यात घ्यायचा, हा त्यामागचा सवाल आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. म्हणून फळ तयार झाल्यावर, मोजून किंवा तोलून विकावे. यात दोन्ही बाजूंचे हित आहे आणि भांडणालाही जागा राहत नाही.

जकातीबद्दलही विचारणा होते. हनफी फिकहनुसार घराच्या आवारातील झाडांच्या फळांवर उश्र नाही. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारावे. विकून आलेली रक्कम शिल्लक राहिली तर ती इतर पैशांबरोबर जकातीच्या हिशेबात धरावी.

परसातील झाडांची देखभाल बहुधा घरातील भगिनीच करतात. खत त्या घालतात, पाणी त्या देतात, पहाटे कळ्या त्या तोडतात. मग त्यातून आलेला पैसा त्यांच्याच हाती राहिला पाहिजे. स्त्रीने कमावले त्यावर स्त्रीचा हक्क आहे, हे कुरआनने स्पष्ट केले आहे. घरातील पुरुषांनी खड्डा खणून द्यावा, कुंपण घालून द्यावे आणि वहीतील रकमेवर डोळा ठेवू नये.

सुरुवात थोड्याने

पाचही झाडे एकाच वर्षी लावण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी एक लिंबू आणि एक कढीपत्ता लावावा. दोन उन्हाळे ती झाडे जगवून दाखवावीत आणि मग पुढची लावावीत. दहा रोपे लावून आठ मारण्यापेक्षा दोन लावून दोन्ही जगवणे हे शहाण्या व्यापाऱ्याचे लक्षण आहे.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या खात्यावर सदका म्हणून लिहिले जाते, असे हदीस सांगते. म्हणजे या धंद्यात चोरीला गेलेले लिंबू आणि चिमणीने टोचलेले फळसुद्धा तोट्यात जमा होत नाही. असा हिशेब दुसऱ्या कोणत्या व्यापारात मिळेल? उन्हाळ्यात खड्डा खणून ठेवावा, पाऊस पडताच रोप लावावे आणि दोन वर्षे धीर धरावा. पुढचे काम, इन्शाअल्लाह, झाड स्वतःच करील.